यात्रा घडते ती कोणाकडून?

गिरनारच्या तळेटीला डोली करायची असेल तर आधी काट्यावर बसावं लागतं. वखारीत धान्याची पोती तोलतात तशी इथे माणसं तोलली जातात. जितके किलो तितकं भाडं. वजन बेताचं असेल तर दोन डोलीवाले, जास्त असेल तर चार. देवाच्या दारी सगळे सारखे असं म्हणणारे आपण, आणि त्या दारापर्यंत पोचायच्या आधीच आपली किलोवर वर्गवारी होते. हे पाहून काहींना हसू येतं, काहींना लाज वाटते. मला मात्र गिरनारवर जे जे मोजलं जातं त्यात हा काटाच सगळ्यात प्रामाणिक वाटतो. पायऱ्या दहा हजार की नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव यावर लोक वाद घालतात. आजवर किती पौर्णिमा झाल्या ते न विचारता सांगतात. पुण्याचा हिशेब तर कोणालाच तपासता येत नाही. काटा एवढंच म्हणतो की तुमची यात्रा इतक्या वजनाची आहे आणि ती कोणाला तरी उचलायची आहे.

महाराष्ट्रातून गिरनारला दोन प्रकारचे लोक जातात, आणि हल्ली ते एकाच बसने जातात. एक दत्तभक्त. नरसोबाची वाडी झाली, औदुंबर झालं, गाणगापूर झालं, आता गुरुशिखर राहिलं, असं ज्यांच्या मनात बरीच वर्षं असतं ते. दुसरे आमच्यासारखे ट्रेकवाले. एका रविवारी हरिश्चंद्रगड, पुढच्या रविवारी कळसूबाई, आणि जोडून सुट्टी आली की गिरनार. मी देव मानत नाही, डोंगर मानते. रात्री बारानंतर तळेटीहून निघून पहाटे वर पोचायचं, काठी घ्यायची नाही, वाटेत फारसं बसायचं नाही, असा माझा पहिला गिरनार होता. माझ्या मागे-पुढे अनवाणी बायका 'गुरुदेव दत्त' म्हणत चढत होत्या. आमचा घाम सारखाच होता. फरक कुठे होता हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे, आणि 'श्रद्धेचा फरक' हे उत्तर मला पुरत नाही. अर्ध्या वाटेवर गुडघा धरून बसलेल्या माणसाच्या मनात श्रद्धा किती आणि आता उलटं फिरलो तर ग्रुपमध्ये काय म्हणतील ही भीती किती, हे त्याला स्वतःलाही सांगता यायचं नाही.

मराठी भाषा मात्र हा फरक फार सहज करते. ट्रेक आपण करतो. शिखर सर करतो, म्हणजे किल्ल्यासारखं जिंकून घेतो. यात्रा मात्र घडते. 'यंदा गिरनार घडला', 'दर्शन घडलं', 'हातून वारी घडली नाही'. हे बोलणाऱ्याने भले दहा हजार पायऱ्या स्वतःच्या पायांनी मोजल्या असोत, वाक्यात त्याने कर्तेपण सोडलेलं असतं. व्याकरणाच्या तासाला हे अकर्मक क्रियापद म्हणून संपतं. पण घडते म्हटलं की कोणामुळे घडते हा प्रश्न उरतोच. भाविक म्हणेल देवाच्या कृपेने. त्यावर माझं म्हणणं नाही. पण देव आणि भाविक यांच्या मधे जी माणसं असतात त्यांचं काय, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही.

हा भेद काही आजचा नाही. जुनागढ शहरातून गिरनारकडे जाताना रस्त्याकडेला एका छोट्या इमारतीत एक मोठा खडक आहे. बहुतेक यात्रेकरू रिक्षातून त्याच्या शेजारून निघून जातात. त्या खडकावर अशोकाचे चौदा शिलालेख आहेत, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातले. त्यातला आठवा लेख यात्रेबद्दल आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, शिकार आणि तशीच मौजमजा करत. आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असं राजा सांगतो. पुढे या धम्मयात्रेत काय काय असतं त्याची यादी आहे. ब्राह्मण-श्रमणांची भेट आणि त्यांना दान. वृद्धांची भेट आणि त्यांना धनाचं साहाय्य. जनपदातल्या, म्हणजे गावोगावच्या, लोकांची भेट, त्यांच्याशी धर्माची बोलणी. आणि मग तो म्हणतो की यातला आनंद दुसऱ्या कशापेक्षाही जास्त आहे.

मला या यादीत जे नाही ते जास्त लक्षात राहिलं. किती चाललो ते नाही. किती उपास झाले, पाय किती फुटले ते नाही. यात्रेचं मोजमाप म्हणून त्या राजाला वाटेत भेटलेली माणसं सुचली. अर्थात तो राजा होता, त्याला कोणीतरी उचलूनच नेलं असणार, आणि उचलणाऱ्यांची नावं खडकावर नाहीत. ते असो. पण डोंगराच्या पायथ्याशी बावीसशे वर्षांहून जास्त काळ हे लिहून ठेवलेलं आहे आणि आपण वर जाऊन येताना पायऱ्यांचा आकडा घेऊन येतो, याची मला गंमत वाटते.

कष्ट हीच यात्रेची किंमत, हा विचार आपल्याकडे खोल रुजलेला आहे. गांधींनी 1909 साली 'हिंद स्वराज्य'मध्ये आगगाडीवर टीका करताना तीर्थक्षेत्रांचाही मुद्दा आणला होता. पूर्वी लोक मोठ्या कष्टाने तीर्थाला जात, त्यामुळे खरे भक्तच पोचत. आगगाडीमुळे लुच्चेही पोचू लागले आणि पवित्र जागा अपवित्र झाल्या, अशा अर्थाचं ते म्हणणं आहे. गांधी पोरबंदरचे, म्हणजे गिरनारच्याच सौराष्ट्रातले. 24 ऑक्टोबर 2020 ला गिरनारवर रोपवे सुरू झाला तेव्हा जे ऐकू आलं ते जवळजवळ हेच होतं. तळेटीहून अंबाजीपर्यंतच्या सुमारे पाच हजार पायऱ्या सात-आठ मिनिटांत, बसल्या बसल्या. मग दर्शनाला अर्थ काय राहिला? हे म्हणणाऱ्यांत भाविक होते, पण सगळ्यात मोठा आवाज आम्हा ट्रेकवाल्यांचा होता.

कष्ट ही चाळणी आहे हे मान्य, पण तिच्यातून कोण खाली पडतं? म्हातारे पडतात, दमेकरी पडतात, पायाने अधू असलेले पडतात, तान्ही मुलं घेतलेल्या बाया पडतात. धडधाकट गुडघ्यांचा लुच्चा आरामात वर जातो, आणि आमच्याआधी जातो. गांधींना हे दिसलं नसेल असं नाही, त्यांचा रोख एकूण वेगावर होता. पण आज हा युक्तिवाद करणारे आम्ही लोक रात्रीच्या वातानुकूलित गाडीने जुनागढला उतरतो आणि फक्त शेवटच्या पाच हजार पायऱ्यांसाठी कष्टाचं तत्त्वज्ञान काढतो. निवडून घेतलेले कष्ट ही चैन आहे. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही, मीही करते. पण सोमवारी सकाळी खुर्चीत बसायचंच आहे हे माहीत असलेल्या माणसाचे दुखणारे पाय आणि सोमवारी सकाळी पुन्हा डोली उचलायची असलेल्या माणसाचे दुखणारे पाय यांना एकच शब्द वापरताना थोडं थांबायला हवं.

शिवाय 'स्वतःच्या पायांनी' हेही तितकं खरं नसतं. गिरनारच्या पायऱ्या कोणी तरी बसवल्या. आजच्या बऱ्याचशा पायऱ्यांचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जुनागढमध्ये लॉटरी काढून जमवलेल्या पैशातून झालं. म्हणजे या धर्मकार्याला हातभार लावणाऱ्यांत बक्षिसाच्या आशेने तिकीट घेतलेले लोकही आहेत, आणि ते मला फार आवडतं. वरच्या टपरीवर मिळणारा चहा घ्या. त्याचं दूध, साखर, पाणी, गॅसची टाकी, सगळं कोणाच्या तरी डोक्यावरून किंवा खांद्यावरून आलेलं असतं. काठी न घेता चढल्याचा अभिमान बाळगणारी मी पाचशे मीटरवर लिंबूपाणी प्यायले होते.

दुसऱ्यांदा गेले ती मावशीला घेऊन. मावशी एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले, घरात दत्ताचा फोटो आणि गुरुवारचा उपास. रोपवे झाल्याचं तिने बातम्यांत पाहिलं आणि म्हणाली, "आता तरी घडेल का गं?" या 'आता तरी'मध्ये सगळं होतं. रोपवेवर टीका करणाऱ्या प्रत्येकाला मी मनातल्या मनात मावशीचं ते वाक्य ऐकवते.

पण रोपवे अंबाजीपर्यंतच जातो. तिथून पुढे गोरखनाथाचं शिखर, जे गिरनारचं सर्वांत उंच टोक आहे, मग पुष्कळ खाली उतरायचं आणि पुन्हा उभ्या पायऱ्यांनी दत्तशिखर चढायचं. परत येताना हेच उलटं. अंबाजीपाशी मावशीने पुढची वाट पाहिली आणि ती गप्प झाली. तेवढ्यात दोघे डोलीवाले आले. एक पन्नाशीचा, एक त्याच्याहून लहान. थोरल्याने मावशीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "सत्तेचाळीस." मावशीचं वजन सेहेचाळीस होतं. इतकी वर्षं उचलल्यावर काटा डोळ्यांत येत असावा.

मावशी म्हणाली, नको. तिचं कारण साधं होतं. माणसाच्या खांद्यावर बसून देवाला भेटायला जायचं, आणि देवाने विचारलं तू कशी आलीस, तर काय सांगू? मला तिचा फार अभिमान वाटला. आयुष्यभर कुठल्याही चळवळीत नसलेल्या, वर्तमानपत्रातला अग्रलेख कधी न वाचलेल्या बाईने एका वाक्यात सगळा प्रश्न मांडला होता. मी तिचं म्हणणं हिंदीत डोलीवाल्याला सांगितलं, थोडं त्याचंही कौतुक होईल अशा सुरात.

तो हसला नाही, रागावलाही नाही. हिंदी-गुजराती मिसळून म्हणाला, "माजी, तुम्ही नाही बसलात म्हणून मी घरी जाऊन झोपणार आहे का? मागून कोणीतरी येईल. तो ऐंशी किलोचा असेल. रोपवे झाल्यापासून मी खाली बसत नाही, इथे वर येऊन बसतो. आज सकाळपासून हे पहिलं गिऱ्हाईक."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. मावशीचा नकार तिच्या बाजूने स्वच्छ होता, पण त्या स्वच्छतेची किंमत तो भरणार होता. नैतिक प्रश्नांत ही एक फार जुनी चलाखी आहे: आपले हात मळू नयेत म्हणून आपण बाजूला होतो आणि त्यालाच सद्वर्तन म्हणतो. उलट बाजूही तितकीच निसरडी आहे. 'त्याला काम मिळतं ना' या एका वाक्यावर जगात काय काय चालवलं गेलंय. वेठीपासून मैला वाहण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीच्या समर्थनाला कोणाची तरी रोजी-रोटी पुढे केली गेली आहे. डोलीवाला स्वतःच ते वाक्य बोलला म्हणून ते माझ्या तोंडीही शोभेल असं होत नाही.

मावशी थोडा वेळ पायरीवर बसली. मग डोलीत बसली. एका बांबूला टांगलेलं ते छोटंसं चौकोनी आसन, आत पाय दुमडून ती, पुढे एक, मागे एक. पूर्ण वाटभर तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं नामस्मरण चाललंय. नंतर तिने सांगितलं की समोरच्याच्या मानेवरचा गट्टा दिसत होता, तो बघवेना.

आपल्याकडे दुसऱ्याच्या खांद्यावरून यात्रा केल्याची सगळ्यात मोठी गोष्ट श्रावणबाळाची. कावडीत आई-बाप, खांद्यावर मुलगा. त्या गोष्टीत त्या आंधळ्या म्हाताऱ्यांना कोणी दोष देत नाही, मुलाच्या खांद्यावर बसून कसले तीर्थाला जाता, असं कोणी विचारत नाही. का? तिथे प्रेम आहे, इथे पैसा आहे, हे पहिलं उत्तर. पण ते मला तितकंसं पटत नाही. पैसा आला म्हणजे नातं घाणेरडं झालं, असं मानलं तर नर्स, दाई, आया, सगळ्यांच्याच कामाचा अपमान होतो. मला वाटतं फरक नावाचा आहे. कावड उचलणाऱ्याच्या नावाने ती गोष्ट ओळखली जाते. यात्रा म्हाताऱ्यांची, गोष्ट श्रावणाची. आमच्या बाबतीत घरी परतल्यावर सगळे नातेवाईक मला म्हणाले, "मावशीला गिरनार घडवलास, पुण्य लागलं बघ तुला." मी काय केलं होतं? ऑनलाइन तिकिटं काढली होती. घडवणारे दोघे होते, आणि त्यांची नावं मी विचारली होती तरी त्या वाक्यात त्यांना जागा नव्हती.

दत्तशिखरावरची जागा अगदी लहान आहे. एका वेळी मोजकीच माणसं आत मावतात, पादुकांसमोर क्षणभर टेकायचं आणि बाहेर. डोली थोडी अलीकडे उतरवली. मावशी म्हणाली, तुम्हीही चला आत. ते म्हणाले, नको, तुम्ही या जाऊन. रोज काय जायचं, आणि परतीच्या पायऱ्यांसाठी दम राखायचा असतो. म्हणजे ज्याने हा डोंगर हजारो वेळा चढलाय तो दरवाज्याबाहेर घाम पुसत बसलेला, आणि जिने एकही शिखर चढलं नाही ती आत. मावशीला दर्शन घडलं. ती रडली. मला काहीच झालं नाही, वारा छान होता.

त्या पादुकांवरूनही वाद आहे, हे सांगायला हवं. दत्तभक्तांना त्या दत्तात्रेयांच्या पादुका. जैनांच्या मते ती बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची पावलं, कारण नेमिनाथांचं निर्वाण याच डोंगरावर झालं. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. पावलं कोणाची हे ठरवण्यात मला रस नाही. खालच्या खडकावरचा बारावा लेख दुसऱ्याच्या पंथाचाही मान राखावा असं सांगतो, तेवढं वर जायच्या आधी दोन्हीकडच्या लोकांनी वाचलं तर बरं. मला रस आहे नेमिनाथांच्या कथेत. ते लग्नाला निघाले होते, राजुलमतीशी. वरातीच्या वाटेवर जनावरांचा आक्रोश ऐकू आला. चौकशी केली तर कळलं की लग्नाच्या जेवणासाठी ती कोंडून ठेवली आहेत. माझ्या आनंदासाठी एवढे जीव जाणार असतील तर हा आनंद नको, म्हणून ते वरात सोडून माघारी फिरले आणि गिरनारवर आले. म्हणजे गिरनारच्या सगळ्यात जुन्या कथांपैकी एक ही नेमकी मावशीच्या नकाराची कथा आहे. आपल्या सुखाखाली कोण दबलंय ते दिसलं आणि माणूस थांबला. त्या जनावरांना मात्र नेमिनाथांनी 'तुम्ही नाही तर दुसरं कोणी' असं म्हणायची वेळ आणली नाही. डोलीवाल्याचा प्रश्न अवघड होतो तो तो बोलू शकतो म्हणून.

त्याच खालच्या खडकावर आणखी एक लेख आहे, रुद्रदामन या क्षत्रप राजाचा, इ.स. 150 च्या सुमाराचा. यात्रेकरूंना त्यात काही नाही, कारण तो एका धरणाबद्दल आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात बांधलेला, अशोकाच्या काळात कालवे काढलेला सुदर्शन तलाव वादळी पावसात फुटला. भगदाड 420 हात लांब, तितकंच रुंद आणि 75 हात खोल. मंत्र्यांनी काम अशक्य म्हणून हात वर केले, लोक हवालदिल झाले. मग राजाने ते बांध पुन्हा उभारले, आधीपेक्षा मजबूत. आणि हे करताना नगरातल्या आणि गावातल्या लोकांवर जादा कर बसवला नाही, वेठबिगार लावली नाही, 'स्वखुशीच्या' देणग्या उकळल्या नाहीत, स्वतःच्या खजिन्यातून खर्च केला, असं तो आवर्जून कोरून ठेवतो. राजेलोक स्वतःबद्दल बरंच काही कोरतात, सगळं खरं धरायचं कारण नाही. पण फुशारकी मारायला त्याला ही गोष्ट सापडली याला महत्त्व आहे. साडेअठराशे वर्षांपूर्वी या डोंगराच्या पायथ्याशी कोणाला तरी वाटलं होतं की मोठं काम झालं एवढं सांगून पुरत नाही, ते कोणाच्या पाठीवर झालं नाही हेही सांगावं लागतं.

आता आपल्या घराजवळचं एक उदाहरण. माथेरानला मोटारी नाहीत, म्हणून माणसं हातरिक्षा ओढत. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत माणुसकीला धरून नाही असं सांगून ती सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला. इथपर्यंत ती बातमी मावशीच्या नकारासारखीच आहे. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. ई-रिक्षा आणा, त्या आजवर ओढणाऱ्यांनाच मिळतील अशी योजना करा, असंही सांगितलं, आणि गुजरातमधल्याच केवडियाचा दाखला दिला. मला हा डोलीवाल्याच्या वाक्याला दिलेला जवळात जवळचा जवाब वाटतो. 'मी बसत नाही' म्हणणं सोपं, 'तू उचल' म्हणणंही सोपं. अवघड आहे ते वाहनाची मालकी उचलणाऱ्याकडे जाईल असं काही करणं. गिरनारच्या रोपवेला वर्षानुवर्षं आक्षेप होते, गिधाडांच्या घरट्यांचा प्रश्न होता, डोलीवाल्यांच्या पोटाचाही होता. पाळणे फिरू लागले. मावशीसारख्या कितीतरी जणांना गिरनार घडू लागला. आणि आमचा डोलीवाला खाली बसायचा तो वर येऊन बसू लागला, एवढाच फरक त्याच्या आयुष्यात झाला.

या सगळ्यात एक मोह असतो आणि तो मला चांगला ओळखीचा आहे. भागवतात अवधूताचे चोवीस गुरू सांगितले आहेत, आणि दत्तपरंपरेत तो अवधूत म्हणजे दत्तच. पृथ्वी, वारा, अजगर, कबुतर, बाण घडवणारा कारागीर, पिंगला नावाची वेश्या, कांकणं वाजू नयेत म्हणून एक-एक काढणारी मुलगी. त्या यादीत एकही राजा नाही, एकही पुजारी नाही. मग डोलीवाल्याला पंचविसावा गुरू करून टाकावा, त्याच्याकडून निष्काम कर्म शिकावं, आणि लेख संपवावा, असं वाटतं. ते टाळायला हवं. कारण त्याचं कर्म निष्काम नाही, त्याला पैसे हवे आहेत, आणि गुरू केला की मजुरीचा विषय मागे पडतो. आपण आजवर ज्यांना ज्यांना देवमाणूस म्हटलं त्यांना पगार नीट दिल्याचं मला आठवत नाही.

ठरलेल्या पैशांवर मावशीने काय दिलं ते तिने मला सांगितलं नाही. परत आल्यावर ती एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळते. कोणी विचारलं गिरनार चढलात का, तर म्हणते, "चढले नाही. दोघांनी नेलं." समोरच्याला वाटतं विनय आहे. ती वस्तुस्थिती सांगत असते.

परतीच्या वाटेवर कमंडलू कुंडाकडे उतरणाऱ्या फाट्याशी आम्ही थांबलो होतो. खाली धुनी आहे, येणाऱ्या प्रत्येकाला जेवण मिळतं. मावशीला आणखी उतरवायचं नव्हतं. डोली टेकवून दोघे बिडी न ओढता नुसतेच बसले, थोरल्याने पाठ दगडाला लावली. मी विचारलं, तुम्ही कधी यात्रेला जाता की नाही? म्हणजे कुठे दुसरीकडे, सोमनाथ, द्वारका?

तो म्हणाला, "परिक्रमेला जातो. कार्तिक एकादशीला. सगळ्या घराला घेऊन." लिली परिक्रमा म्हणतात तिला. गिरनारच्या भोवतीने, अभयारण्याच्या जंगलातून, सुमारे 36 किलोमीटर, एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत. शिखर त्या वाटेवर येतच नाही, डोंगर कायम एका अंगाला राहतो. त्या वाटेवर तीन मोठे चढ लागतात, त्यांना तिकडे घोडी म्हणतात. मी म्हटलं, तिथेही चढ आहेतच की.

"आहेत ना," तो म्हणाला. "पण खांदा रिकामा असतो. नातवाला घेतो कधी कधी. तो काही वजनात धरायचा नाही."

मग त्याने बांबूखालची फडक्याची घडी नीट केली, मावशीला म्हणाला, "चला माजी," आणि धाकट्याने मागचं टोक उचललं.